अठ्ठावन्न की साठ : माझ्या पेन्शनच्या अर्जाचा हिशेब

ऑगस्ट २०२५ अखेरीस मला ५८ वर्षे पूर्ण झाली. औषधे बनवणाऱ्या एका खासगी कंपनीच्या तपासणी प्रयोगशाळेत मी काम करते आणि आमच्याकडे निवृत्तीचे वय ६० आहे, त्यामुळे नोकरी आणखी दोन वर्षे चालू राहणार होती. कर्मचारी पेन्शन योजनेचे सदस्यत्व मात्र एरवी वयाच्या ५८ व्या वर्षीच संपते आणि नोकरी चालू असली तरी त्या दिवसापासून पेन्शन घेता येते. ती लगेच सुरू करायची की साठाव्या वर्षापर्यंत थांबायचे, हे मला ठरवायचे होते. प्रयोगशाळेत, बसमध्ये, नातेवाइकांत ज्यांना ज्यांना विचारले त्यांतील बहुतेकांनी एकच सल्ला दिला : पगार चालू आहे ना, मग थांबा, पेन्शन वाढून मिळेल. हा सल्ला आपुलकीचा होता, पण सल्ला देणाऱ्या एकानेही आकडे मांडून पाहिलेले नव्हते. मी ते मांडले तेव्हा उत्तर वेगळे आले. त्यापेक्षाही मोठी गोष्ट अशी लक्षात आली की, माझ्या पेन्शनचा आकडा तारखेवर जितका अवलंबून होता त्याहून अधिक एका जुन्या, अर्धवट राहिलेल्या नोंदीवर अवलंबून होता.

आधी ही पेन्शन कोणती ते स्पष्ट करते, कारण सरकारी कर्मचाऱ्यांची पेन्शन आणि आमची पेन्शन यांची गल्लत नेहमी होते. आमची योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झालेली, म्हणून तिला ईपीएस-९५ म्हणतात. मालक आपल्या पीएफसाठी पगाराच्या जे १२ टक्के भरतो त्यांपैकी पगाराचे ८.३३ टक्के या पेन्शन निधीत जातात, पण पगार कितीही असला तरी ही टक्केवारी एका कमाल मर्यादेवरच मोजली जाते. ही मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये आहे आणि त्याआधी ती ६,५०० रुपये होती. आपल्या पगारातून कापला जाणारा हिस्सा पूर्णपणे पीएफमध्ये जातो, पेन्शनमध्ये नाही. पेन्शनसाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते. या पेन्शनवर महागाई भत्ता मिळत नाही. जो आकडा एकदा ठरला तोच पुढे दरमहा येत राहतो. हे शेवटचे वाक्य मला पुढे वारंवार आठवावे लागले, कारण थांबावे की नाही याचा निम्मा निकाल त्यातच आहे. (ज्यांनी पूर्ण पगारावर जादा पेन्शनचा पर्याय दिला आहे आणि ज्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालाशी जोडलेला आहे, त्यांचे गणित निराळे आहे. माझा हिशेब त्यांना लागू पडणार नाही.)

पीएफचे पासबुक उघडले की शेवटच्या रकान्यात पेन्शनची वर्गणी दिसते. माझ्या पासबुकात हा रकाना वर्षानुवर्षे ५४१ रुपये दाखवतो आणि सप्टेंबर २०१४ पासून तेथे एकदम १,२५० येतात. पहिला आकडा ६,५०० च्या ८.३३ टक्क्यांचा आणि दुसरा १५,००० च्या ८.३३ टक्क्यांचा. या रकान्यावर व्याज दिसत नाही म्हणून अनेकांना काळजी वाटते. मलाही वाटली होती. पण ही रक्कम आपल्या नावाने साठत नाही, ती सर्वांच्या सामाईक निधीत जाते आणि पेन्शन साठलेल्या रकमेवरून ठरत नाही. ती ठरते सरासरी पगार आणि सेवेची वर्षे यांवरून : शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पेन्शनपात्र पगार (म्हणजे वरच्या कमाल मर्यादेत बसणारा पगार) गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०.

हे सूत्र वाचून मी पहिल्यांदा जो हिशेब केला तो चुकीचा होता, आणि तीच चूक मी नंतर आमच्या विभागातील निदान चार जणांच्या कागदांवर पाहिली. माझी सेवा सप्टेंबर १९९८ पासून ऑगस्ट २०२५ पर्यंत, म्हणजे २७ वर्षे. मी १५,००० ला २७ ने गुणले, ७० ने भागले आणि ५,७८६ रुपये असा आकडा वहीत लिहून ठेवला. प्रत्यक्षात हिशेब दोन तुकड्यांत होतो. ३१ ऑगस्ट २०१४ पर्यंतच्या सेवेला ६,५०० ची मर्यादा लागते आणि त्यानंतरच्या सेवेला १५,००० ची. म्हणून माझ्या पहिल्या १६ वर्षांचे १,४८६ रुपये आणि नंतरच्या ११ वर्षांचे २,३५७ रुपये, मिळून ३,८४३. वीस वर्षे किंवा त्याहून अधिक सेवा असल्यास दोन वर्षांची जादा सेवा धरली जाते, ती मिळवून रक्कम चार हजारांच्या थोडी वर जाते. वहीतील ५,७८६ वर काट मारून खाली हा नवा आकडा लिहिताना मन खट्टू झाले हे खरे, परंतु खोट्या आकड्यावर पुढची दहा वर्षे आखण्यापेक्षा ते बरे.

आता त्या अर्धवट नोंदीविषयी. वरच्या २७ वर्षांपैकी पहिली सहा वर्षे मी दुसऱ्या एका कंपनीत होते. २००४ मध्ये ती सोडून सध्याच्या ठिकाणी आले तेव्हा जुने पीएफ खाते नव्या खात्यात वर्ग करून घ्यायला हवे होते. ते राहून गेले. त्या काळी यूएएन, म्हणजे सगळ्या पीएफ खात्यांना जोडणारा एकच कायमचा क्रमांक, नव्हता. तो २०१४ मध्ये आला, आणि माझ्या यूएएनला फक्त सध्याच्या कंपनीचे खाते जोडले गेले. २०२३ च्या उन्हाळ्यात, निवृत्तीची कागदपत्रे एका ठिकाणी करावीत म्हणून मी पीएफच्या पोर्टलवर सेवेचा इतिहास पाहिला, तर तेथे एकच ओळ होती. माझी नोकरी २००४ साली सुरू झाली, असे सरकारदरबारी लिहिलेले होते.

लोखंडी कपाटातील फायलीत नेमणूकपत्राच्या मागे २००१-०२ या वर्षाची पीएफची स्लिप सापडली. पातळ, पिवळसर कागद, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची फिकट झालेली अक्षरे, आणि त्यावर खाते क्रमांक. क्रमांक मिळाल्याचा आनंद झाला, पण शेजारचे नाव वाचले आणि पुढचे काम किती लांबणार याची कल्पना आली. ते माझे माहेरचे नाव होते. माझी पदविका त्या नावाने असल्यामुळे त्या कंपनीने लग्नानंतरही तेच नाव लावले होते. आधार कार्डावर सासरचे नाव, यूएएनमध्ये सासरचे नाव, आणि सहा वर्षांची सेवा मात्र जिचे आडनावही वेगळे अशा एका बाईच्या नावावर. स्त्रियांच्या बाबतीत ही अडचण किती सर्रास आहे ते मला पीएफ कार्यालयाच्या रांगेत उभी राहिल्यावर कळले. माझ्या पुढे आणि मागे उभ्या असलेल्या दोघीही याच कामासाठी आलेल्या होत्या.

खिडकीवरच्या तरुण कर्मचाऱ्याने नीट समजावून सांगितले. "काकू, नावाची दुरुस्ती झाल्याशिवाय खाते वर्ग होणार नाही, आणि दुरुस्तीच्या संयुक्त घोषणापत्रावर जुन्या कंपनीची सही लागेल. तेवढी आणा, बाकी आम्ही पाहतो." या 'तेवढी'त अकरा महिने गेले. मधल्या काळात त्या कंपनीची मालकी बदललेली होती, जुनी दप्तरे गोदामात होती आणि ती शोधणे हे कोणाचेच काम नव्हते. मी चार वेळा स्वतः गेले, तीन वेळा लेखी पत्र देऊन पोच घेतली. विवाह नोंदणीचा दाखला, नावबदलाची राजपत्रातील प्रत, नेमणूकपत्र आणि ती स्लिप, अशा चार कागदांच्या प्रती प्रत्येक पत्राला जोडल्या. शेवटी हजेरीपटात माझे नाव सापडले आणि सही मिळाली. खाते वर्ग झाल्यावर मी पासबुकातील रक्कम पाहण्याआधी सेवेचा इतिहास उघडला. तेथे आता दोन ओळी होत्या.

या सहा वर्षांची किंमत पेन्शनच्या भाषेत ६,५०० गुणिले ६ भागिले ७०, म्हणजे दरमहा ५५७ रुपये आहे, जन्मभर. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण थांबण्याच्या फायद्याशी त्याची तुलना मला पुढे करायची आहे. ज्यांनी नोकरी बदलताना फॉर्म १०-सी भरून पेन्शनची रक्कम काढून घेतली त्यांची ती वर्षे गेलेली असतात. ती परत जोडता येत नाहीत. पण ज्यांनी काढलेली नाही त्यांची वर्षे कुठल्यातरी जुन्या क्रमांकाखाली तशीच पडून असतात, आणि ती मागितल्याशिवाय आपणहून मिळत नाहीत. म्हणून वयाची पन्नाशी गाठताच हा इतिहास तपासावा, अठ्ठावन्नाची वाट पाहू नये, असे मी माझ्या प्रत्येक मैत्रिणीला कळकळीने सांगते.

आता मूळ प्रश्नाकडे वळते. पेन्शन ५८ नंतर पुढे ढकलली तर पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे ती ४ टक्क्यांनी वाढते आणि ही सवलत ६० वर्षांपर्यंत आहे. ढकलण्याचे दोन प्रकार आहेत : पेन्शन निधीतील वर्गणी ५८ ला थांबवून नुसते थांबणे, किंवा वर्गणीही चालू ठेवून थांबणे. पहिल्यात फक्त वाढीव टक्के मिळतात. दुसऱ्यात ५८ नंतरची सेवाही हिशेबात धरली जाते. हिशेब सोपा जावा म्हणून पेन्शन ४,००० रुपये धरते.

नुसते थांबले तर साठाव्या वर्षी सुमारे ४,३२६ रुपये मिळतील, म्हणजे दरमहा ३२६ अधिक. त्यासाठी २४ महिन्यांचे ९६,००० रुपये सोडावे लागतील. हे ९६,००० दरमहा ३२६ प्रमाणे भरून निघायला साधारण साडेचोवीस वर्षे लागतात, म्हणजे वय साडेचौऱ्याऐंशी होईपर्यंत मी तोट्यातच राहीन. येथे ते ५५७ आठवावेत. कागद दुरुस्त करून मिळणारी वाढ दोन वर्षे थांबून मिळणाऱ्या वाढीच्या पावणेदोन पट होती आणि तिच्यासाठी एकही हप्ता सोडावा लागणार नव्हता.

वर्गणी चालू ठेवून थांबण्याचा प्रकार अधिक विचार करण्याजोगा आहे, आणि त्यावर मी खरोखर बरेच दिवस अडले होते. दोन वर्षांची सेवा वाढली की १५,००० गुणिले २ भागिले ७०, म्हणजे ४२९ रुपयांची भर पडते आणि एकूण रकमेवर वाढीचे टक्के लागतात. मग पेन्शन ४,७९० च्या आसपास जाते, दरमहा ७९० अधिक. येथे मात्र सोडलेल्या ९६,००० च्या जोडीला आणखी ३०,००० धरावे लागतात, कारण पेन्शनमध्ये न गेलेले दरमहा १,२५० रुपये ५८ नंतर माझ्याच पीएफमध्ये जमा होतात आणि त्यांवर व्याज मिळते. एकूण १,२६,००० रुपये. दरमहा ७९० प्रमाणे ते सव्वातेरा वर्षांत भरून निघतात, म्हणजे वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी. माझी आई नव्वदीपर्यंत होती. त्यामुळे त्र्याहत्तर ही मला काही अशक्य गोष्ट वाटली नाही, आणि पहिल्या प्रकाराइतक्या सहजपणे हा पर्याय मला बाजूला सारता आला नाही.

मग मी आणखी एक ओळ मांडली. पेन्शन ५८ ला सुरू केली आणि पगार चालू असल्याने तिला हात लावला नाही, तर साठाव्या वर्षी ते ९६,००० आणि पीएफमधील ३०,००० माझ्या हाती असतील. साठ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला पोस्टात किंवा बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पैसे ठेवता येतात. मी हिशेब केला तेव्हा तिचा दर ८.२ टक्के होता. त्या दराने १,२६,००० वर वर्षाला १०,३३२ रुपये, म्हणजे महिन्याला ८६१ रुपये व्याज होते (ते हाती येते तिमाहीने). थांबून मिळणाऱ्या ७९० पेक्षा हे अधिक आहे, आणि मूळ रक्कम माझीच राहते. हा दर कायमचा नसतो, पाच वर्षांच्या मुदतीनंतर तो कमी झालेला असू शकतो, आणि पेन्शन व व्याज दोन्ही करपात्र आहेत, हे मी विसरलेले नाही. तरीही महागाईबरोबर न वाढणाऱ्या पेन्शनचा आज हातात येणारा रुपया वीस वर्षांनंतर येणाऱ्या रुपयापेक्षा मोलाचा आहे, एवढे मला पुरेसे स्पष्ट झाले.

दुसरे कारण आकड्यांपलीकडचे आहे. आमच्या ह्यांचा आयुष्यभर स्वतःचा छोटा व्यवसाय, त्यामुळे त्यांना कोणतीच पेन्शन नाही. माझ्यामागे त्यांना माझ्या पेन्शनच्या निम्मी रक्कम मिळेल. ती रक्कम मोठी नाही, पण माझे नाव पेन्शनधारकांच्या यादीत चढलेले असणे, पेन्शन पेमेंट ऑर्डरवर त्यांचे नाव व फोटो असणे, हे सगळे मी हिंडतीफिरती असताना व्हावे असे मला वाटत होते. एखादा कागद अडला तर धावपळ मीच करावी, माझ्यामागे त्यांना ती करावी लागू नये. मी हे बोलून दाखवल्यावर ते म्हणाले, "माझ्यासाठी घाई करू नकोस, तुझ्या सोयीचे असेल ते कर." मी त्यांना वहीचे पान दाखवले. दोघांची सोय एकाच उत्तरात होती.

आमच्या विभागातील एका सहकाऱ्याचा प्रश्न याच्या उलट होता. त्याची नोकरी पंचावन्नाव्या वर्षी सुटली आणि ५८ पर्यंत थांबावे की लवकर पेन्शन घ्यावी असे त्याने विचारले. नोकरी सुटलेली असेल तर वयाच्या ५० व्या वर्षापासून पेन्शन घेता येते, मात्र ५८ ला जितकी वर्षे कमी तितक्या वर्षांसाठी दरवर्षी ४ टक्क्यांची कपात होते आणि ती कपात ५८ नंतरही उठत नाही. तीन वर्षांची कपात सुमारे १२ टक्के धरली तर ४,००० चे ३,५२० होतात. तीन वर्षांत १,२६,७२० रुपये मिळतात, आणि ५८ नंतर दरमहा ४८० कमी मिळत राहिल्याने हा लाभ पुसला जायला आणखी बावीस वर्षे, म्हणजे ऐंशीचे वय, लागते. आकडे त्याच्या बाजूने होते. पण त्याला पुन्हा नोकरी मिळण्याची आशा होती, आणि नव्या ठिकाणी पीएफ सुरू झाला तर सेवेची वर्षेही वाढणार होती. मी त्याला योजना प्रमाणपत्र (आधीची सेवा पुढच्या नोकरीत जोडता यावी म्हणून मिळणारा दाखला) घेऊन सहा महिने प्रयत्न करण्यास सांगितले. त्या मुदतीत काही झाले नाही तर संकोच न बाळगता अर्ज करावा, असेही सांगितले. घरात पैशांची चणचण असताना पूर्ण पेन्शनच्या हट्टाने तीन वर्षे कर्जावर काढणे मला योग्य वाटत नाही.

अर्जाचे काम त्यामानाने सरळ झाले. पेन्शनच्या अर्जाचा फॉर्म १०-डी पोर्टलवरूनच भरता येतो. ई-नामांकन (वारसाची ऑनलाइन नोंद) आधीच केलेले होते, आधार व बँक खाते जोडलेले होते, आणि आता नाव सगळीकडे एकच होते. पती-पत्नीचा एकत्र फोटो लागतो. आम्ही त्यासाठी स्टुडिओत गेलो तेव्हा फोटोग्राफरने "जरा जवळ सरका" म्हटल्यावर हे अगदी ताठ बसले आणि चारपैकी तिसरा फोटो बरा आला. जानेवारी २०२५ पासून पेन्शन देशातील कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेतील खात्यात जमा होऊ शकते, त्यामुळे निराळे खाते उघडावे लागले नाही. तरीही मी ही रक्कम घरखर्चात मिसळू नये म्हणून दर महिन्याला दुसऱ्या खात्यात हलवते. तिला साठाव्या वर्षापर्यंत हात लावायचा नाही असे ठरले आहे.

हयातीचा दाखला वर्षातून एकदा द्यावा लागतो. आमच्या पेन्शनसाठी तो नोव्हेंबरमध्येच दिला पाहिजे असे नाही, वर्षात केव्हाही देता येतो आणि दिल्या दिवसापासून बारा महिने चालतो. प्रयोगशाळेतील रसायनांनी माझ्या बोटांचे ठसे पुसट झाले आहेत, आधारच्या यंत्रावर ते क्वचितच उमटतात. म्हणून मोबाइलवरून चेहरा दाखवून जीवन प्रमाण कसे करायचे ते मी मुलीकडून आत्ताच शिकून घेतले आहे, आणि पुढच्या दाखल्याची तारीख त्याच वहीत, हिशेबाच्या पानाखाली, लिहून ठेवली आहे.